पांढऱ्या गोट्यांखालची माती

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबा मला पोचवायला आले नाहीत. तलावाचं पाणी सुटलं होतं, आणि पाणी सुटलं की पाणकराला पाळ, म्हणजे तलावाचा बांध, सोडता येत नाही. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण त्या सकाळी मी ते ऐकून घ्यायला तयार नव्हते. माझा धाकटा भाऊ राजू मला मोटारसायकलवर कोहमाऱ्याला सोडायला निघाला. मांडीवर आईनं दिलेली तांदळाची पिशवी, त्यात खुपसलेली लाखोरीच्या डाळीची पुडी. तलावाशेजारून जाताना बाबा दिसले. धोतर वर खोचलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यांनी हातातलं फावडं उंच केलं. मी पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली. राजूनं विचारलं, थांबू का. मी म्हटलं, नको, बस चुकेल. बसला अजून तासभर होता.

पाणकर म्हणजे काय, हे पुण्यात मला फार वेळा सांगावं लागलंय, तसं इथंही सांगते. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. धान पोटरीत, म्हणजे कणीस धरायला, आलं आणि पावसानं दगा दिला की तलावाचं पाणी शेतांना सोडायचं. कोणाच्या बांधीला आधी, कोणाला नंतर, किती वेळ, हे एक माणूस ठरवतो. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा. बाबा बांधीत पाय रोवायचे, तो किती आत जातो ते पाहायचे, आणि सांगायचे, उद्या सकाळपर्यंत दम आहे हिच्यात. गाव ते मानायचं. त्यांचा एकच नियम होता, सगळ्यात लांबची बांधी सगळ्यात आधी. आमची स्वतःची बांधी तलावाला लागून, त्यामुळं आमचा नंबर कायम शेवटी. यावरून आई आयुष्यभर कुरकुरली. बाबा तिला म्हणायचे, पाणी देनारा माणूस आधी पेत नाई.

आता पुण्याचं. कोहमाऱ्याच्या चौकातल्या ढाब्यांसमोरून ट्रॅव्हल्समध्ये चढून माझ्यासारखे जे गेले, त्यांना यातलं बरंच सांगायला नको. पहिल्या वर्षी मी 'मी येऊन राहिली' म्हटलं की ऑफिसातले हसायचे. वाईट नव्हते, नुसतं हसायचे. मी सहा महिन्यांत बोलणं घासूनपुसून लख्ख केलं. आता मीटिंगमध्ये मला कुणी कुठली म्हणून विचारत नाही. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना नम्रपणे कळवायच्या. चुका शोधणं मला चांगलं जमतं. नम्रपणाचं मात्र माझ्या टीमला विचारा. सोळा वर्षं झाली. लग्न केलं नाही, फ्लॅट घेतला. त्या दोन्ही गोष्टींवर बाबांनी कधी तोंड उघडलं नाही.

फ्लॅट घेतल्यावर घरात काहीतरी हिरवं हवं असं वाटायला लागलं. ज्याच्या मागं-पुढं पन्नास एकर धान डोलत होतं, त्या माणसानं हिरव्यासाठी दुकानात जावं, याचं मलाच हसू यायचं. दुकानदारानं सक्युलंट दाखवले. जाड पानांची, बोटभर उंचीची, पानातच पाणी साठवून ठेवणारी झाडं. विसरलात तरी चालतं, असं तो म्हणाला, आणि हीच गोष्ट मला पटली. मी अकरा आणली. एचेवेरिया, हॉवर्थिया, जेड, बाकीच्यांची नावं अजून पाठ नाहीत. शोभेसाठी ती मी कॉफीच्या मगांत लावली आणि मातीवर पांढऱ्या गोट्यांचा थर दिला. फोटो छान यायचे. फोनमध्ये रिमाइंडर लावला: रविवार, सकाळी दहा, झाडं, गावी फोन. दोन्ही कामं एकाच रिमाइंडरवर उरकायची. आई होती तोवर तो फोन अर्धा तास चालायचा. आई गेल्यावर पाच मिनिटांत संपायला लागला, कारण बाबांना फोनवर बोलायला सुचत नाही.

मगांना खाली भोक नसतं. हे वाचताना तुम्हाला जे कळलं ते मला दोन वर्षं कळलं नाही. उन्हाळ्यात निभावून गेलं. यंदा जुलैत पुण्याला ऊन दिसेना, आणि मी मात्र रविवार आला की रिमाइंडर वाजतोय म्हणून पाणी घालत राहिले. एका रविवारी एचेवेरियाचं खालचं पान बोट लावताच गळून पडलं. काचेसारखं आरपार दिसत होतं, आत नुसतं पाणी. मी झाड उपटून पाहिलं, मुळं काळी आणि चिकट झालेली. वास मारत होती. ते कचऱ्यात टाकलं आणि दुसऱ्या मगातले गोटे बाजूला केले, तिथंही तेच. तिसऱ्यात पाहायचं धाडस झालं नाही. गोटे परत नीट पसरले. दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी निवांत बघू, असं ठरवलं. तो शनिवार यायच्या आधी बाबा आले.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला होता आणि पाणी सोडायला अजून दीड महिना होता, म्हणून राजूनं त्यांना पाठवलं. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच एकटे आले. पहाटे उठून अंघोळ करून तयार व्हायचे आणि मग करायचं काय, हे कळत नसल्यासारखे गॅलरीत उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉपवर होते. ते खिडकीशी झाडं बघत होते. त्यांनी विचारलं, "बाई, यायले पानी देऊ का? माना टाकून रायले."

मी वर न बघता म्हटलं, "हं, द्या."

त्या 'द्या'मध्ये काय होतं ते मला माहीत आहे. ती झाडं सडलीत हे मला ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. पण म्हाताऱ्याला काहीतरी काम मिळतंय तर मिळू दे, असं वाटलं, आणि त्याखाली कुठंतरी असंही वाटलं की आता ही मेली तर माझ्या हातानं मेली असं व्हायचं नाही. इतका क्षुद्र विचार माणूस करू शकतो. धानवाल्या माणसाला पान लोंबलेलं दिसलं की त्याला तहान दिसते, त्याच्या आयुष्यात पान दुसऱ्या कशानं लोंबतच नाही. बाबा रोज सकाळी अंघोळ झाली की तांब्या घेऊन सगळ्यांना पाणी द्यायचे. मग चहा प्यायचे. आधी चहा घ्या म्हटलं तर ऐकायचे नाहीत.

पाचव्या दिवशी माझं ऑफिसात वाजलं. एक मोठी चूक माझ्या नजरेतून सुटली होती आणि ती थेट ग्राहकाला दिसली. चारचौघांत बोलणी खाऊन मी घरी आले तर दहाच्या दहा झाडं आडवी. बाबा मगांसमोर उभे, हातात तांब्या. म्हणाले, पानी तं रोज देल्लं. मी त्यांना बोलले. आणि कोणत्या भाषेत बोलले, तर मीटिंगमधल्या. आमच्या बोलीत बोलले असते तर भांडण तरी झालं असतं. मी अगदी स्वच्छ, थंड आवाजात म्हणाले, "आयुष्यभर पाणी पाणी करत बसलात आणि पाण्यातलं तुम्हाला काही कळत नाही." शिवाय हेही म्हणाले की त्या पाण्यापायी स्वतःच्या पोरीला पोचवायलाही आला नाहीत. सोळा वर्षं आत ठेवलेलं वाक्य दहा रोपांच्या निमित्तानं बाहेर काढलं आणि मोकळी झाले.

बाबांनी हातातला तांब्या ओट्यावर पालथा घातला. मी खोलीत गेल्यावर त्यांनी सगळे मग रिकामे करून धुतले आणि फडक्यावर ओळीनं मांडून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं, नळ उघडू का. मग विचारलं, पंखा लावू का. खुर्ची सरकवायच्या आधी विचारलं. मी दोन-तीनदा चिडून म्हटलं, विचारता काय, तुमचंच घर आहे. ते मान हलवायचे आणि पुढच्या वेळी परत विचारायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पोळा आला, घरी रायलं पाह्यजे. आमच्या गोठ्यात सहा-सात वर्षांपासून बैल नाही. ट्रॅक्टरनं नांगरतो आम्ही. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मी त्यांना गाडीत बसवून दिलं. मनात आलं होतं की सांगून टाकावं. गाडी हलेपर्यंत तसं येतच राहिलं.

नवरात्रात राजूचा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून हातातलं काम टाकून उचलला. तो म्हणाला, "ताई, तू बाबाले काय बोलली वं?" पाणी सोडायच्या आधी गाव मंदिराजवळ बसतं, तिथं बाबांनी पाणकरी सोडल्याचं सांगितलं होतं. लोकांनी कारण विचारलं तर म्हणाले, मले आता पान्यातलं समजत नाई, माह्या पोरीनं पाह्यलं. लोक हसले. राजू सांगत होता, "तं बाबा म्हणते, हासू नका. दुसऱ्याच्या चुका हुडकाचीच नौकरी आहे तिची. ते पोरगी खोटं नाई बोलत."

मला वाटलं होतं ते रुसलेत. रुसवा मला कळतो, तो काढताही येतो, एखादी शाल, एखादा मोबाईल, दिवाळीला चार दिवस. पण बाबा रुसले नव्हते. त्यांनी माझ्या तोंडून निघालेली घाण हा निकाल म्हणून घेतला होता, आणि चाळीस वर्षांचं काम त्या निकालावर दुसऱ्याच्या हाती देऊन टाकलं होतं. रजा टाकली, नागपूरचं तिकीट काढलं, सवयीनं परतीचंही काढलं, आणि निघाले.

पोचले त्या संध्याकाळीच बोलायचं ठरवलं होतं. बाबा अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसले होते. मी शेजारी बसले आणि म्हटलं, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. ते म्हणाले, नाई बाई, तू बराबर बोलली. आणि मग अगदी शांतपणे मला त्यांची चूक समजावून सांगितली. "गोटे बाजूला करून मातीत बोट घालून पाह्याले पाह्यजे होतं. माती न पाह्यता पानी देल्लं मी. पानकरानं असं करू नाई." आजवर कधी न पाहता दिलं नव्हतं, म्हणाले, मग यावेळी का झालं असेल. वय झालं असेल. आज तुझी झाडं मेली, उद्या कोणाची बांधी मरेल, त्यापेक्षा आताच सोडलेलं बरं.

ही वेळ होती. त्या गोट्यांखालची माती मी पाहिली होती, त्यांच्या आठ दिवस आधी पाहिली होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात राजूची बायको जेवायला बोलवायला आली आणि मी उठले. खोटं कशाला बोलू, मला उठायला निमित्तच हवं होतं. जेवताना राजू सुखदेवबद्दल सांगत होता. आता पाणकरी त्याच्याकडे होती. चांगला माणूस, पण घाईचा. जवळच्या बांध्या भरून मोकळा होतो, लांबच्यांना म्हणतो येतंय. बाबा ऐकत होते आणि भात कालवत होते.

सकाळी जनाकाकू आली. गावाच्या पार टोकाला, पाटाच्या शेवटी, तिची दीड एकर. नवरा नाही, सगळं तिच्यावर. ती दारातूनच सुरू झाली, "भाऊ, तीन दिवस झाले, माह्या बांधीत थेंब नाई. धान पोटरीत आहे. सुखदेव म्हणते येऊन रायलं. कुठी येऊन रायलं?"

बाबांनी मान वर केली नाही. "त्यालेच विचार, बाई. मले नाई समजत आता पान्यातलं."

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता, मी आत चुलीजवळ आहे हे बहुतेक त्यांच्या लक्षातही नव्हतं. एखाद्यानं म्हणावं मला आता लांबचं दिसत नाही, तसं म्हणाले. जनाकाकू तिथंच पायरीवर बसली. म्हणाली, तं मंग मी कोणाकडं जाऊ.

मी बाहेर आले. चहाची गाळणी हातातच होती. आणि त्या दोघांसमोर सगळं सांगून टाकलं, आमच्या बोलीत, अडखळत, कारण सोळा वर्षांत तिला गंज चढलाय. झाडं बाबांनी मारली नाहीत. मगाला भोक नव्हतं. मी उपटून पाहिलं होतं, मुळं सडली होती, बाबा यायच्या आधीच. तरी मी पाणी द्या म्हटलं, तरी मी त्यांना बोलले, आणि गाडीत बसवून देईपर्यंत गप्प राहिले. जनाकाकू माझ्याकडे बघत होती. तिला झाडांचं काही कळलं नसेल, बाकीचं कळलं. बाबांच्या हातातली कामटी तशीच राहिली.

त्यांनी विचारलं, "किती दिवस आधी पाह्यलं होतं?"

"आठ."

"मंग मले काऊन बोलली?"

यावर देण्यासाठी माझ्याकडे बरीच उत्तरं होती. ऑफिसातलं, डोक्यातलं टेन्शन, तो पोचवायला न आल्याचा राग. ती सगळी खरीही होती. पण त्या पायरीवर बसलेल्या बाईसमोर आणि त्या माणसासमोर ती तोंडातून निघेनात. मी म्हटलं, "तुमी उलटून बोलत नाई म्हणून."

बाबांनी मान हलवली. हिशेब लागल्यासारखी नाही, नुसती ऐकलं म्हणून. कोयता बाजूला ठेवला, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि जनाकाकूला म्हणाले, चाल, पाहू. मला ये म्हणाले नाहीत. मी मागून गेले.

बांधीला बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. बाबा अनवाणी आत उतरले, टाच रोवली, पुढे चार पावलं जाऊन पुन्हा रोवली. बांधावर हात टेकून वाकून पाटात बघितलं आणि काकूला सांगितलं की वरच्या दोन बांध्या भरून वाहतायत, त्यांचं तोंड बंद कर, सुखदेवला म्हणावं मी सांगितलं, दुपारपर्यंत येते पाणी. दुपारी आलं. सुखदेव स्वतः येऊन बाबांशी बोलून गेला. तुम्हीच परत घ्या म्हणाला. बाबा म्हणाले, देल्लं ते देल्लं, विचारत जा, सांगत जाईन. मीही रात्री जेवताना विनवलं. राजू म्हणाला, सोड ताई. काही गोष्टी कबूल केल्यानं परत येत नाहीत, हे त्याला कळलं होतं, मला उशिरा कळलं. गावात आता सगळ्यांना ठाऊक झालंय की पोरगी खोटं बोलली होती. त्याचं मला काही वाटत नाही. बाबांना वाटत असावं, कारण त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं होतं, ते पोरगी खोटं नाई बोलत.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पाळीवर बसलो होतो. मी म्हटलं, बाबा, पुण्याला या. मला वाटलं नाही म्हणतील, आणि नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. ते लगेच म्हणाले, "येईन ना. चुरना आटोपला का येईन. पाहुन्यावानी येईन. तुह्या वस्तूले हात नाई लावन." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. मला त्रास होऊ नये, याची सोय त्यांनी मनात करून ठेवली होती.

आता खिडकीत तीनच झाडं आहेत. मातीच्या कुंड्यांत, खाली भोक असलेल्या, गोटे न घातलेल्या. पाणी द्यायच्या आधी मी बोट घालून पाहते. कोरडं लागलं तरच देते, आणि पावसाळी हवेत वीस-वीस दिवस लागत नाही. इतकं सोपं होतं ते. गावी फोन मात्र रोज करते. बाबांना आता थोडंफार बोलायला सुचतं, कोणाच्या बांधीला किती पाणी लागलं ते सांगतात. मी मध्येच विचारते, झोप लागते का, गुडघा कसा आहे. ते म्हणतात, बरं आहे, तुझं काम असेल, ठेव. ठेव म्हणतानाही त्यांच्या आवाजात परवानगी मागितल्यासारखं काहीतरी असतं.

तुमच्यातले जे तिकडे गावीच राहिलेत ते आम्हाला विचारतात, आता तुमचं घर कोणतं. मी इतकी वर्षं उत्तर द्यायची, दोन्ही. पुण्याचं आणि गावचं. परवा राजूचा फोन आला. चुरणा, म्हणजे मळणी, आटोपला, बाबांचं तिकीट काढलं म्हणाला. मी विचारलं, किती दिवस राहणार. तो म्हणाला, आठ दिवसांचं काढलंय, येण्याचं आणि जाण्याचं. बाबांनीच सांगितलं दोन्ही काढ म्हणून. मी बरं म्हटलं. सोळा वर्षं मी गावाला जाताना परतीचं तिकीट खिशात घालूनच गेले, आणि बाबांनी एकदाही, मनातसुद्धा, मला पाहुणी म्हटलं नव्हतं.